सोसायटी ग्रुप: एक दिवस परत मिळाला तर कुठला घ्याल?

५०४ बाबा: नमस्कार मंडळी, मेंटेनन्सचा विषय नाहीये, घाबरू नका. काल जेवताना मोठीने विचारलं, बाबा घरातला एक दिवस परत जगायला दिला तर कुठला घ्याल, आणि अट अशी की लग्न, वाढदिवस, निकाल असले फोटोवाले दिवस चालणार नाहीत. मला वाटलं सोप्पंय, पण झोपायची वेळ टळली तरी आमच्याकडे भांडण चालूच होतं, म्हणून म्हटलं इथे टाकावं, तुम्हीपण भांडा.

३०१ काकू: आधी तुमचा सांगा मग बघू

५०४ बाबा: माझा ठरलेलाय. धाकटा अडीच वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट, सुट्टीला निघायचं होतं, बॅगा दाराशी आणून ठेवलेल्या आणि सकाळी बघतो तर याला ताप आणि पाठीवर पुरळ. कांजिण्या! तिकिटं कॅन्सल, मोठी सोफ्याच्या मागे जाऊन रुसून बसली. दुपारी ताप जरा उतरला पण बॅगा उघडायला कुणीच तयार नाही, कारण उघडल्या की जाणं खरंच रद्द. मग मोठीच उठली, बॅगा एकामागे एक लावल्या, निळी मोठी बॅग इंजिन, धाकटा इंजिनावर, अंगभर कॅलामाईनचे गुलाबी ठिपके आणि तोंडाने हॉर्न. ही बाई स्वतः टीसी. जुन्या लाईट बिलाचे तुकडे करून पंचिंग मशीनने भोकं पाडून तिकिटं वाटली, माझं तिकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली हे कालचं आहे, उतरा. उतरलो! बाथरूमच्या दाराशी उभा राहिलो, तिथे वेटिंग रूम होती म्हणे. तो दिवस हवाय मला. आख्खा नको, दुपारी दोन ते सात एवढाच, सकाळचा ताप आणि रात्रीचं खाजवणं वगळून.

३०१ काकू: हे बरंय, मधला मऊ तुकडा कापून घेताय

५०४ आई: मी पण आहे या ग्रुपवर. दोन ते सात मी काय करत होते तेही विचारा ह्यांना. तापाचं औषध त्या निळ्या बॅगेत, आणि टीसी म्हणते चालत्या गाडीचं इंजिन उघडता येणार नाही. शेवटी चेन ओढली तेव्हा औषध मिळालं. आणि रात्री सगळ्या बॅगा कुणी रिकाम्या केल्या? वेटिंग रूमवाले झोपले होते.

६०२ दादा: हाहाहा चेन ओढली. वहिनी एक नंबर

सेक्रेटरी साहेब: विषय छान आहे पण कृपया उद्याची टाकी सफाई लक्षात ठेवा. पाणी भरून ठेवणे.

५०४ बाबा: हो साहेब. तर गंमत पुढेच आहे, धाकटा आता नववीत आहे आणि शपथेवर सांगतो की मला तो दिवस आठवतो, बॅगेचं हँडलसुद्धा आठवतं.

७०२ मॅडम: आठवत नसणार हो. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, त्याच्या आधीचं बहुतेक पुसलं जातं. २०१४ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की पिल्लांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नवीन पेशी भराभर तयार होतात आणि त्या गडबडीत जुन्या आठवणींची मांडणी विस्कटते. त्याने फोटो बघितला असेल आणि तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल, त्यातून झालेली आठवण आहे ती.

५०४ बाबा: मॅडम तुम्ही पकडलंत! फोटोत अंधारामुळे बॅग काळी आलीये आणि हा ठामपणे काळ्या इंजिनाबद्दल बोलतो.

५०४ आई: आता त्याला सांगू नका हं. बिचारा हँडलपर्यंत पोचलाय.

६०२ दादा: मग त्याचा स्वतःचा दिवस कुठला?

५०४ बाबा: तेच तर भांडण. वाऱ्याने आमचं दार धाडकन लागलं होतं, किल्ली आत आणि आम्ही चौघं बाहेर, मी बनियनवर, किल्लीवाला येईपर्यंत संध्याकाळ झाली, तो दिवस हवाय त्याला! मी म्हटलं अरे त्या दिवशी मी जिन्यात लाजेने अर्धा झालो होतो. तर म्हणतो म्हणूनच.

३०१ काकू: अहो तो दिवस आम्हाला पण आठवतो. तुम्ही पेपरने अंग झाकून बसला होतात, आणि जो येईल तो बातमी वाचायला वाकायचा.

४०३ ताई: आमचं कॅरम त्या दिवशी जिन्यात गेलं ते सोंगटी हरवूनच परत आलं. राणी अजून नाहीये, बटण लावून खेळतो

५०४ बाबा: राणी आमच्याकडे नाही ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं

४०३ ताई: बरं बरं

४०१ काका: माझ्या मुलीला विचारलं आत्ताच फोन करून. मला वाटलं समुद्राची ट्रिप सांगेल, केवढी धावपळ केली होती. तर म्हणते बाबा, तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तुम्ही घरी होतात तो सगळा महिना द्या. मी म्हटलं एकच दिवस मिळतो, तर म्हणते मग ज्या दिवशी मी प्लास्टरवर पूर्ण गणिताचा पेपर सोडवला तो. डॉक्टरने प्लास्टर कापताना उत्तरं तपासली होती, दोन चुकलेली

७०२ मॅडम: फार छान काका. यावर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमनच्या टीमचा १९९३ चा प्रयोग आठवला. लोकांना ६० सेकंद हात १४ अंशाच्या गार पाण्यात ठेवायला सांगितला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, फक्त त्यात पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत नेलं. मग विचारलं यातलं कुठलं परत करायला आवडेल, तर बहुतेकांनी दुसरं निवडलं, म्हणजे जास्त वेळ त्रासाचं! आपण आख्खा अनुभव मोजत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट कसा झाला एवढंच धरून ठेवतो. ५०४ चा ताप असाच गेला बघा हिशोबातून.

६०२ दादा: म्हणजे सोसायटीच्या मीटिंगचा शेवट जरा कोमट केला तर लोक परत येतील?

सेक्रेटरी साहेब: कोरम झाला तरी पुरे आहे मला.

५०४ आई: मॅडमचं पटतंय पण एक आहे, त्या पाण्यात ज्याचा हात होता त्यालाच विचारलं ना. आमच्याकडे ताप धाकट्याला, जागरण मला आणि दिवस परत हवाय ह्यांना.

५०४ बाबा: बरं मग तुझा कुठला ते सांग ना, कालपासून टाळतेयस

५०४ आई: मोठीने पहिल्यांदा माझी वेणी घालून दिली तो. डोकं आठवडाभर दुखत होतं, पण मी हलले नाही. बास, जास्त विचारू नका, इथे सगळे आहेत.

३०१ काकू: अगं किती गोड

६०२ दादा: पोल बनवू का? पर्याय: १) ट्रेन २) जिना ३) प्लास्टर ४) वेणी

१०२ आजी: सकाळपासून वाचते आहे. चष्मा लावून लिहिते, चुकलं तर समजून घ्या. मला कुठलाच दिवस परत नको. तीन मुलं, त्यात दोन जुळी, एकदा झालं तेवढं पुष्कळ झालं. सगळे म्हणतात लहानपण परत यावं, येऊ दे, पण मग उपसायला कोण? मी नाही.

६०२ दादा: आजी पाचवा पर्याय टाकतो, "काहीच नको"

१०२ आजी: थांब टाकू नकोस. जुळी पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवशी दारं खिडक्या लावून मी जी झोपले होते, तो एक तास मिळत असेल तर बघ. दिवस नको, तासच. आणि त्यांना आणायला तू जा.