पुरात गेलेल्या बाबांच्या कॅसेट पुन्हा भरायच्या आहेत – नव्वदच्या गाण्यांसाठी मदत हवी

कृष्णाकाठचा (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं. फ्रीज, गाद्या, धान्य, सगळं पुढच्या वर्षभरात परत उभं राहिलं. बाबांच्या कॅसेट तेवढ्या राहिल्या. दीडशेच्या आसपास होत्या, लाकडी कपाटाच्या खालच्या दोन खणांत. पाणी ओसरल्यावर खण ओढला तर चिखलाचा गोळाच बाहेर आला. आईनं त्यातल्या अकरा पुसून बाजूला काढल्या, कारण त्यांच्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटून होती. बाकीच्या कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गेल्या. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत, बादली घेऊन मागचं अंगण धूत बसले.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. पगार झाला की साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट घ्यायची, कागदावर गाण्यांची यादी लिहायची आणि हरभट रोडच्या एका दुकानात भरायला द्यायची, हा त्यांचा नेम. प्रत्येक कॅसेटची नोंद शंभर पानी वहीत. वही माळ्यावर होती म्हणून वाचली. पहिली नोंद 1990 ची, शेवटची 1997 ची. माझा जन्म 97 चा. त्यानंतर कोरी पानंच आहेत.

डिसेंबरात बाबांना साठ पूर्ण होतायत. तोवर हा सगळा साठा पुन्हा तयार करायचाय. अडचण अशी की वहीत दिवाणजी पद्धतीनं सगळं तोडून लिहिलंय. नमुने देतो: "सि. 90 ते 93 पहिली चार". "सानू पाच". "रा.ल. 14 पैकी 6". "बाबा – पाणी". "आशा – रंगी. दोन". "मेड". बाबांना विचारलं तर डाव कळेल. कुणाला उलगडतंय का? शिवाय त्या अकरा कॅसेटचं काय करावं? आणि 97 नंतर बाबांनी भरली असती अशी गाणी कोणती, तेही सुचवा.

---

विश्रामबागची मावशी

बाळा, वाचून डोळे भरून आले. "सि." म्हणजे सिबाका गीतमाला. 1952 साली रेडिओ सिलोनवर बिनाका म्हणून सुरू झालेली, पुढे नाव सिबाका झालं आणि 1989 पासून विविध भारतीवर लागायची. निवेदक अमीन सायानी. आमच्याकडे सगळी जेवणं पुढेमागे व्हायची त्या वेळेला. गाण्याला ते क्रमांक म्हणायचे नाहीत, पायदान म्हणायचे. वर्षाच्या शेवटी वार्षिक यादी लागायची आणि पहिल्या पायदानावर कोण यावरून आम्हा बहिणींत पैजा. तुझ्या बाबांनी चारही वर्षांची पहिली गाणी एका कॅसेटवर घेतलेली दिसतात. ती अशी: 1990 ला 'आज का अर्जुन'मधलं 'गोरी हैं कलाइयाँ', 91 ला 'साजन'मधलं 'देखा है पहली बार', 92 ला 'फूल और काँटे'चं 'मैंने प्यार तुम्हीं से किया है', आणि 93 ला 'खलनायक'चं 'चोली के पीछे'. 94 मध्ये गीतमाला थांबली, म्हणून वहीत पुढचं नसणार.

---

टेप_दुरुस्ती (मिरज)

आधी कॅसेटचं बोलतो, कारण तिथं चूक झाली तर परत फिरता येत नाही. एकही कॅसेट टेपमध्ये घालू नका. पुराचा गाळ बारीक वाळूसारखा असतो, तो पट्टीवरचा थर खरवडतो आणि हेडही घालवतो.

कॅसेटच्या कोपऱ्यात आणि मधे असे पाच बारीक स्क्रू असतील तर नशीब चांगलं. तशीच एक स्क्रूवाली चांगली कॅसेट जुन्या बाजारातून आणा. दोन्ही उघडा, सपाट टेबलावर, पांढरा कपडा अंथरून. पुरातल्या कॅसेटची दोन्ही चाकं पट्टीसकट उचलून चांगल्या कॅसेटच्या खोक्यात ठेवा. पट्टीवर चिखल वाळलेला असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये चाक हलवत धुवायचं, बोटानं चोळायचं नाही. वाळवायचं सावलीत, पंख्यापासून लांब. ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको, पट्टी आक्रसते. पांढरी बुरशी दिसली तर दार-खिडकी उघडी ठेवून, नाकाला रुमाल बांधून काम करा.

वाजवायची ती एकदाच, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवायची. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट लाइन-इनला, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वेव्ह फाइल ठेवा, एमपी3 नंतर करता येते. प्रत्येक कॅसेटनंतर हेड कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. घाई केली नाही तर अकरापैकी सहा-सात तरी बोलतील असं मला वाटतं. मिरजेला आणल्यात तर मी समोर बसून करून देईन, पैसे नकोत.

---

हळदबाजार

भावा, लई भारी काम हाती घेतलंयस. "बाबा – पाणी" म्हंजे तुझे बाबा न्हवं, बाबा सेहगल. 'ठंडा ठंडा पानी', 1992. आमच्या गल्लीत गणपतीपुढं हेच वाजत होतं. केबल आल्यावर 'सुपरहिट मुकाबला'सुद्धा तोच करायचा. "मेड" म्हंजे 'मेड इन इंडिया', अलिशा चिनॉय, 1995, संगीत बिद्दूचं. हिंदी पिच्चरच्या बाहेरचं गाणं लग्नाच्या मांडवात वाजतंय, हे आम्ही पैल्यांदा तवाच बघितलं.

---

कऱ्हाडची_सून (सातारा)

"सानू पाच" मी सांगते, कारण हीच यादी माझ्या दादानं भिंतीवर लावली होती. कुमार सानूंना लागोपाठ पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं, ती पाच गाणी. 'आशिकी'चं 'अब तेरे बिन जी लेंगे हम', 'साजन'चं 'मेरा दिल भी कितना पागल है', 'दीवाना'चं 'सोचेंगे तुम्हें प्यार', 'बाज़ीगर'चं 'ये काली काली आँखें' आणि '1942 अ लव्ह स्टोरी'चं 'एक लड़की को देखा'. शेवटच्याचं संगीत पंचमदांचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांचं, आणि ते स्वतः जानेवारी 94 मध्ये गेले, सिनेमा लागायच्या आधी. ही पाच याच क्रमानं लाव, मधे दुसरं काही घालू नकोस. एकच आवाज पाच वर्षांत कसा बदलत गेला ते ऐकू येतं.

---

भावे_नाट्यमंदिर_मागे

"रा.ल." म्हणजे संगीतकार रामलक्ष्मण. 'हम आपके हैं कौन', ऑगस्ट 1994, चौदा गाणी. त्यातली सहा कोणती ते बाबाच जाणोत, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रामलक्ष्मण ही दोन माणसं नव्हती त्या वेळी. ते आपले विजय पाटील, नागपूरचे. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'ला राम आणि लक्ष्मण अशी जोडी होती. जोडीदार 1976 मध्ये गेला, पाटलांनी नाव तसंच ठेवलं, आणि 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन' या दोन्हींवर मित्राचं नाव आपल्या नावाआधी छापलं. दिवाणजींना हे सांगा.

"आशा – रंगी. दोन" सोपं आहे. 'रंगीला', 1995. 'तनहा तनहा' आणि 'रंगीला रे'. रहमाननं थेट हिंदीसाठी केलेलं पहिलं काम ते, आणि आशाताईंनी साठी उलटल्यावर उर्मिलेला आवाज दिला. आशाताई सांगलीच्या. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड इथंच होतं, हे गावभागात राहणाऱ्याला मी काय सांगणार! त्या दोन गाण्यांना एक अख्खी बाजू दिली तरी चालेल.

---

कृष्णाकाठचा

तुम्ही सगळ्यांनी एका रात्रीत वही सोडवलीत, काय बोलू. आईला हळूच विचारलं, 14 पैकी सहा कोणती ते तिला पाठ आहेत.

अजून एक नोंद आहे, 1991 ची, आईच्या नावापुढे: "साडी – A पूर्ण, B पुन्हा तेच".

---

विश्रामबागची मावशी

'माहेरची साडी'! दुसरं काही असूच शकत नाही. अलका कुबल, संगीत अनिल मोहिले. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून बायका तालुक्याला सिनेमा बघायला यायच्या. 'सासरला ही बहीण निघाली' सुरू झालं की टॉकीजमध्ये हुंदक्यांशिवाय काही ऐकू यायचं नाही. दोन्ही बाजूंना तेच भरलंय म्हणजे तुझ्या आईला कॅसेट उलटी केली तरी तेच ऐकायचं होतं. बाबांनी ते ओळखून भरून घेतलं. तू पण तसंच भर, दोनदा.

---

पुणेरी_पण_मूळचा_तासगावचा

97 नंतरचं सुचवतो. 98 मध्ये 'दिल से'चं 'छैंया छैंया', फाल्गुनी पाठकचं 'याद पिया की आने लगी', सिल्क रूटचं 'डूबा डूबा'. लकी अलींचं 'ओ सनम' 96 चं आहे, वहीत नसेल तर घ्याच. मराठीत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा'. पावसात सांगलीहून पुण्याला निघालेल्या गाडीत मी तो इतका ऐकलाय की खंबाटकी आला की अजून आपोआप डोक्यात वाजतो.

---

कऱ्हाडची_सून (सातारा)

माझं मत वेगळं आहे. 97 नंतरची पानं कोरी आहेत ती कोरीच राहू देत. बाबांनी थांबवलं ते तुझ्या दुधाच्या डब्यासाठी थांबवलं असेल. आपण त्यांच्या वहीत गाणी घालायची नाहीत. 'गारवा' द्यायचाच असेल तर वेगळी कॅसेट कर, वर तुझ्या अक्षरात लिही.

---

पुणेरी_पण_मूळचा_तासगावचा

ताई, पटलं. वेगळीच कर रे.

---

कृष्णाकाठचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. मिरजेला जाऊन आलो. टेप_दुरुस्ती काकांनी दोन रविवार माझ्यासोबत बसून अकरापैकी आठ वाजत्या केल्या. दोन वाचल्या नाहीत, एक चिकटवलेली होती ती उघडताना पट्टी फाटली.

पाचव्या कॅसेटवर 'सानू पाच' निघाली. चार गाणी नीट आहेत. पाचवं, 'एक लड़की को देखा', बाजू संपल्यामुळे मधेच तुटतं, दुसऱ्या कडव्याच्या आत, आणि मग नुसती खरखर. बाकी गेलेल्या कॅसेटची गाणी मी नवी उतरवून घेतलीत, ती सगळी पूर्ण आहेत. प्रश्न एवढाच आहे की हेही गाणं नव्यानं पूर्ण घालू, की तसंच तुटलेलं ठेवू?

---

टेप_दुरुस्ती (मिरज)

तसंच ठेव. 94 पासून ते गाणं त्यांच्या घरात तिथंच संपतंय.

---

विश्रामबागची मावशी

आणि खरखर कापू नकोस. त्यानंतर खट्टकन बटण उठायचं ना, तेवढा वेळ राहू दे.

---

कृष्णाकाठचा

ठेवली. बारा सेकंद आहे.