ऊसतोड टोळीतली गरोदर महिला आणि चौदा महिन्यांचं बाळ: आहार, मातृवंदना, लसीकरण इथेच कसं मिळेल?

माळरान

साखर कारखाना सुरू झालाय. गावाबाहेरच्या माळावर बीड आणि जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्यात. सहा वर्षांच्या आतली मुलंच पन्नासेक असतील. त्यातल्या दोघींबद्दल तातडीने विचारायचंय.

एकीला पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण. एकही तपासणी नाही, कार्ड काढलेलं नाही. मार्चमध्ये दिवस भरतील, तेव्हा टोळी इथेच असेल. दुसरीचं बाळ चौदा महिन्यांचं, फार हडकुळं. लसीचं कार्ड गावी राहिलंय, गोवराची लस झाली की नाही तिला सांगता येत नाही. अंगणवाडीत गेलो तर "नाव तिकडच्या गावात आहे, आहार तिकडेच मिळेल" असं उत्तर आलं. हे बरोबर आहे का? कुठून सुरुवात करू?

पोषणमित्र

आधी आहाराचं. ते उत्तर बरोबर नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ४: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार. कायद्यात रहिवासाची अट नाही. बाई आज जिथे राहते तिथली अंगणवाडी ती तिची अंगणवाडी. प्रमाणही ठरलेलं आहे: गरोदर व स्तनदा मातेला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, अतितीव्र कुपोषित बाळाला ८०० कॅलरी. वर्षात ३०० दिवस.

सेविकाताईंची अडचण मात्र खरी आहे, ती समजून घ्या. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप) नाव ज्या अंगणवाडीत असतं तिथेच आहाराची नोंद होते. त्यामुळे "नवीन नाव घाला" असा आग्रह धरू नका. तेच आधार दुसऱ्यांदा घातलं की नोंद अडकते आणि ताईंनाच वर उत्तर द्यावं लागतं. "स्थलांतर नोंदवून नाव इकडे घ्या" असं म्हणा. गावच्या सेविकेला फोन करून आधी बोलून घेतलं तर काम लवकर होतं. पहिलटकरणीचं नाव कुठेच नसेल तर थेट इथेच नवीन नोंद होईल, ते सोपं.

आणखी एक. घरी न्यायचा आहार देताना आता चेहरा ओळख लागते. त्याआधी ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी), आणि त्यात मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल नवऱ्याकडे फडात असेल तर काम तिथेच थांबतं. म्हणून दोघींना घेऊन जाल तेव्हा आधार कार्ड आणि तो मोबाइल, दोन्ही बरोबर असू द्या. टोळीच्या सुट्टीच्या दिवशी गेलात तर बरं, त्या दिवशी टोळी तळावर असते.

उपकेंद्र

पहिलटकरणीला याच आठवड्यात उपकेंद्रात न्या, कारण शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली नाही तर मातृवंदनेचा (गरोदर महिलेला रोख मदत देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा) पहिला हप्ता अडतो. एएनएम सिस्टर (उपकेंद्रातल्या परिचारिका) माता-बाल संरक्षण कार्ड देतील, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहून घ्या. "दिवाळीच्या आसपास", "पोळ्याच्या आधी" असं सांगितलं की अंदाजाने तारीख पडते आणि पुढचे सगळे हिशेब बिघडतात. दिनदर्शिका समोर धरून विचारा.

त्याच भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं) पहिलं इंजेक्शन. दुसरं चार आठवड्यांनी. पाचव्या महिन्यात जंताची एक गोळी द्यायची असते, तीही मागून घ्या. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. या दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, किमान दोन तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम लोह शोषू देत नाही. चहाचंही तेच. पहाटे चहाबरोबर गोळी घेऊन फडात जायची पद्धत असते, तिथे निम्मा फायदा जातो. लोह रात्री जेवणानंतर, कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या भाकरीबरोबर, हे तळावर जमतं. शौच काळी होते म्हणून पुष्कळजणी गोळ्या सोडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे थेट रुग्णालय. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर महिलांची मोफत तपासणी असते, ती तारीख मुकादमालाही सांगा म्हणजे खाड्यावरून वाद होणार नाही. डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून गाडी भरणं मात्र आता थांबायलाच हवं.

बाळंतपण इथेच करता येईल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो वा सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि १०२ रुग्णवाहिकेने नेणं-आणणं सगळं मोफत आहे, आणि आजारी बाळाला एक वर्षापर्यंत. माळावरच्या कोपीला पत्ता नसतो, म्हणून जवळची खूण आणि गाडी जाईल असा रस्ता आताच आशाताईंना दाखवून ठेवा. प्रखर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही.

आता चौदा महिन्यांचं बाळ. डाव्या दंडाचा घेर मोजा: खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी रुतेल इतकी आवळायची नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली पट्टीवर लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा, मध्यम. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर सूज आहे, आणि मग दंड कितीही असो, बाळ अतितीव्रच धरायचं. सूज असेल, ताप असेल किंवा बाळ खातच नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे साधारण १४ दिवस राहावं लागतं, आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. ही मजुरीची गोष्ट आधी सांगितली नाही तर ती दोन दिवसांत बाळ घेऊन परत येईल.

लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागत नाहीत, जिथे थांबल्या तिथून पुढे. गावच्या आशाताईंकडून कार्डाचा फोटो मागवा. नोंद मिळालीच नाही तर गोवर-रुबेलाचा पहिला डोस झालेला नाही असं समजून आता द्यायचा, दुसरा किमान चार आठवड्यांनी, सोळा महिन्यांनंतर.

खातेउतारा

मातृवंदनेबद्दल. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये: नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३,०००, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांच्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तरच एकरकमी ६,०००. बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांत अर्ज हवा. पात्रतेसाठी एकच कागद पुरतो: ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अन्न सुरक्षेतलं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमाती) किंवा आठ लाखांच्या आतलं उत्पन्न. केशरी कार्डावर "प्राधान्य कुटुंब" शिक्का आहे का ते बघा, नुसता रंग बघून चालत नाही. ई-श्रम सगळ्यात सोपं. नवऱ्याचं आधार लागत नाही.

पैसे अडतात ते खात्यावर. खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं. आणि पासबुकावर आधार नंबर असणं वेगळं, थेट लाभासाठी (सरकारी पैसे जमा होण्यासाठी) बँकेने ते खातं आधारशी मॅप केलेलं, म्हणजे जोडलेलं असणं वेगळं. सिमकार्ड घेताना उघडलेलं एखादं विसरलेलं खातं मॅप असेल तर पैसे तिकडे जातात आणि बाई "आलेच नाहीत" म्हणते. बँकेत "आधार सीडिंग" असा शब्द वापरून अर्ज द्या.

माळरान

फार उपयोग झाला. एक अडचण: पहिलटकरणीच्या आधारला मुकादमाचा नंबर जोडलेला आहे. आणि पन्नास मुलांसाठी गावची अंगणवाडी दोन किलोमीटर, मध्ये राज्यमार्ग.

खातेउतारा

नंबर बदलायला कागद लागत नाही, बोटांचे ठसे लागतात, म्हणून तिने स्वतः हजर असायला हवं. आधार केंद्र लांब असेल तर पोस्टात विचारा. पोस्टमन तळावर येऊन नंबर बदलू शकतो आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातंही उघडतो, तेच मॅप करून घ्या. आधी नंबर, मग खातं, मग अर्ज. उलट्या क्रमाने केलं की ओटीपी मुकादमाकडे जातो.

पोषणमित्र

अंतराचं: सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार सहा वर्षांखालील किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे. पण तीन महिन्यांत हंगामच संपत येईल, म्हणून एकाच अर्जात दोन मागण्या करा: अंगणवाडी, आणि तोवर आठवड्याचा ठरावीक वार धरून आहारवाटप, वजन आणि लसीकरण तळावरच. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत ग्रामपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. सोबत यादी जोडा: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, मूळ गाव आणि तिथली अंगणवाडी, टोळी परत जायचा अंदाजे महिना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.