विषय: बीएसए एम20 विकायचीय, चालू आहे पण काम बाकी

नमस्कार मंडळी,

पुण्यातली आमची बीएसए एम20 मोटरसायकल विकायचीय. शुक्रवार पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला दिलाय, बिल्डर ताबा मागतोय, गाडी जिन्याखाली उभी आहे ती हलवावीच लागणार आणि इथे इंग्लंडात मिडलंड्समध्ये बसून माझ्याच्याने काही होत नाही. 500 सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शन नाहीच. महायुद्धातली मिलिटरीची, आजोबांनी डिस्पोजलमध्ये (लष्कराने मोडीत काढलेल्या मालाच्या विक्रीत) घेतलेली, इंजिन नंबर डब्ल्यूएम20 ने सुरू होतो. चुलतभाऊ अधूनमधून किक मारून चालू ठेवतो. टाकीचे पोपडे निघालेत, सीट फाटलीय, डायनॅमो चार्ज करत नाही. म्हटलं आधी रंग, क्रोम, नवीन सीट करून घेऊ म्हणजे भाव बरा येईल. नाना पेठेत हे काम करणारं कोणी ओळखीचं आहे का?

– शुक्रवार पेठ, सध्या कॉव्हेंट्री

*

अरे बाबा, रंगाला हात लावू नकोस!! आणि क्रोम कसलं, मिलिटरीची एम20 कारखान्यातून अंगभर रंगवूनच निघायची. प्रोजेक्ट घेणारा माणूस ताजा रंग बघितला की आधी टिचकी मारून बघतो, खाली लांबी (पुट्टी) भरलीय का. पोपडे निघालेली टाकी त्याला चालते, कारण त्यात काय आहे ते दिसतं. तू जे पैसे रंगात घालशील ते तो तुला देणार नाही, वर तो रंग खरवडायचे पैसे कापून घेईल.

गाडीत विकण्यासारखं काय आहे तर इंजिन चालू आहे आणि नंबर जागेवर आहेत. तेवढंच दाखव. चुलतभावाला सांग व्हिडिओ काढ, पण गार इंजिनवर, सुरुवातीला सिलिंडरवर हात ठेवून दाखवायचं. मग कार्बचा (कार्बुरेटरचा) टिकलर, म्हणजे वरचं छोटं बटण, पेट्रोल झिरपेपर्यंत दाबायचा, हँडलवरचा इग्निशनचा लिव्हर रिटार्डवर (ठिणगी उशिरा), डीकम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे आणायचा आणि मग एकच सणसणीत किक. इग्निशनचा लिव्हर अॅडव्हान्सवर (ठिणगी लवकर) राहिला तर किक उलटी येते, घोट्याची वाट लागते, हे त्याला दोनदा सांग.

आणखी एक. बरेच दिवस उभ्या गाडीत ऑइल टाकीतून पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, ड्राय सम्प आहे ना, म्हणजे ऑइल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे चालू केल्यावर निळा धूर गल्लीभर होतो. बघणारा म्हणणार पिस्टनच्या रिंगा गेल्या. खालचा प्लग काढून ऑइल निथळून मग चालू करा. पण जाहिरातीत हे लिहायचंच, लपवायचं नाही.

एक विचारून सांग, गरम झाली की बंद पडते का, आणि गार होईपर्यंत परत चालू होत नाही का?

– एरंडवणे, सध्या लेस्टर

*

काका, विचारलं. डेक्कनपर्यंत झकास जाते म्हणे, येताना लकडी पुलापाशी बंद पडते आणि मग हा ढकलत आणतो. मेकॅनिक म्हणतो कार्ब बदला.

*

कार्बला कशाला हात लावतोय तो. मॅग्नेटोचा (ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राचा) कंडेन्सर गेलाय, नाहीतर आतल्या वाइंडिंगचं इन्शुलेशन, तापलं की स्पार्क मरतो. जुन्या लुकास मॅग्डायनोचं (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) हे नेहमीचं दुखणं. रिवाइंड करणारे (आतली तार नव्याने गुंडाळणारे) पुण्यात मिळतील पण तू करू नकोस, लिहून टाक "मॅग्नेटो रिवाइंड करावा लागेल", घेणारा त्याच्या खात्रीच्या माणसाकडून करून घेईल. आणि त्या मेकॅनिकला म्हणावं पाइपपाना लांब ठेव. नट व्हिटवर्थ साइझचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) आहेत, आपले मेट्रिक पाने बसत नाहीत, मग हे लोक पाइपपाना लावून डोकी गोल करून ठेवतात.

*

मध्येच बोलते. इंजिनाचं सगळं बोललात, कागदांचं कुणी बोलत नाही! आरसी कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागेल, फॉर्म 31, बाकी वारसांची ना हरकत घेऊन (आत्या धरून, हो), मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. तू तिकडे असलास तर मुखत्यारपत्र लागेल. 2021 पासून 50 वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए येतं, नवीन नंबरला फी 20,000, दहा वर्षं चालतं. पण मग रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. ते करायचं की नाही हे घेणाऱ्याला ठरवू दे. आणि आरसीवरचा चासी नंबर फ्रेमवर प्रत्यक्ष वाचून घ्या, रंगाखाली गेला असेल तर नीट साफ करून, घासून नाही.

– कर्वेनगर, सध्या वॉटफर्ड

*

ताई, आरसी आजोबांच्याच नावावर आहे आणि आत्या म्हणते विकायचीच कशाला :) तिच्याशी बाबा बोलतायत. इकडे आणली तर? तीस वर्षांवरच्या गाडीला ड्युटी नाही, व्हॅट फक्त 5 टक्के असं वाचलं.

*

ते बरोबर आहे, पण क्रेट, जहाज, पुण्यातून बंदरापर्यंतचा टेम्पो हे सगळं जोड. युद्धात सव्वा लाखावर एम20 बनल्या, इथे त्या दुर्मिळ नाहीत. पुण्या-मुंबईत मात्र चालू आणि कागदवाली एम20 शोधणारे आहेत. तिथेच विक. आणि जाहिरातीत किंमत आकड्यात लिही, "ऑफर सांगा" लिहिलंस की नुसते टाइमपासवाले फोन करतात आणि चुलतभावाला रोज संध्याकाळी किक मारायला लावतात.