नवऱ्याला दुसऱ्यांदा डेंग्यू: इम्युनिटी कमी पडली की जास्त झाली?

आम्ही परळला राहतो. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी गणपतीत डेंग्यू झाला होता, आठवड्याभरात उठला. आता पुन्हा चार दिवस ताप, डोळ्यांच्या मागे ठणका. काल रिपोर्ट आला: एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीजीही पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा आहे, जास्त लक्ष ठेवा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला कळत नाही ते हे. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या. पुढे मुलांना आल्या तेव्हा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होते, काही झालं नाही. शरीर एकदा आलेला रोग ओळखून ठेवतं म्हणतात, मग डेंग्यूच कसा विसरलं? आणि विसरलं नसेल तर दुसऱ्या वेळी जास्त काळजी कशाला? सासूबाईंच्या मते इम्युनिटी कमी झालीय, म्हणून गुळवेलीचा काढा तयार आहे. (नवरा घेत नाही. तोंड कडू आहे म्हणून. विज्ञानाशी त्याचा संबंध नाही.)

कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी ताप लिहून ठेवतेय. सकाळी १०२, आत्ता ९९. म्हणजे सुटलो ना?

प्रतिसाद

ताई, ताप उतरला म्हणजे सुटलो असं डेंग्यूत समजू नका. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे, पण हे नक्की सांगते: ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात.

शरीर विसरलेलं नाही. रिपोर्टमधलं एनएस-१ म्हणजे विषाणूचं प्रथिन, तो आत्ता अंगात आहे; आयजीजी म्हणजे विषाणू ओळखून त्याला चिकटणारी शरीराची प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत. जो होऊन गेला तो सहसा पुन्हा होत नाही. बाकीच्या तिघांपासून संरक्षण मिळतं ते काही महिनेच. आता बहुधा दुसरा प्रकार आलाय. जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. आणि अँटिबॉडी चिकटलेलं दिसलं की गिळायचं, ही काही पांढऱ्या पेशींची सवय. एरवी गिळलेलं पचवतात, इथे विषाणू आतच वाढतो. गेल्या वेळच्या चोरासारखा दिसतो म्हणून वॉचमनने कॉलर धरून सोसायटीत आणावा आणि त्याने तिथेच बिऱ्हाड थाटावं, तसं. मग पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्त घट्ट होतं. म्हणून नुसत्या प्लेटलेट मोजून भागत नाही, हिमॅटोक्रिटही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते) बघतात.

दुसऱ्या वेळीही बहुतेक जण नीट बरे होतात. पण पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, गळून पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. तापाला पॅरासिटामॉलच, डॉक्टर सांगतील तेवढी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. इम्युनिटी वाढवायच्या नादात वेळ घालवू नका, ती कामाला लागलेलीच आहे. आणि त्यांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर तोच डास तुम्हाला चावेल.

धागाकर्ती

विचारलं. "सकाळपासून पोट दुखतंय, भुकेने असेल," म्हणाला. दुपारपासून लघवीलाही गेलेला नाही. टॅक्सी खाली आलीय, फाइल घेतली. काढा ओट्यावरच आहे.