रजिस्टर्स वाचायला पीट्रेसच कशाला? साधी फाइल का नको?

अर्धविराम (धागाकर्ता)

युनिक्समध्ये सगळं काही फाइल असतं, असं नवख्यांना आपण छातीठोकपणे सांगतो. थांबवलेल्या प्रोसेसची रजिस्टर्स (प्रोसेसरमधले इवलेसे साठवणीचे खाने) वाचायची वेळ आली की मात्र तोंड लपवायची पाळी येते.

पीट्रेस म्हणजे डीबगरला दुसऱ्या प्रोसेसवर ताबा देणारा सिस्टिम कॉल. एक्स८६-६४ लिनक्सवर त्याची पीकयूझर विनंती वापरली तर एका हाकेला एकच वर्ड (८ बाइट्स) मिळतो, तोही ऑफसेट मोजून. कर्नलच्या मूळ हाकेला तो वर्ड कुठे ठेवायचा ते सांगावं लागतं. सी लायब्ररी मात्र तो परतीच्या किमतीतच देते. म्हणजे उणे एक आलं तर ती चूक की रजिस्टरमध्येच उणे एक होतं, हे एररनो (चूक नोंदवणारं व्हेरिएबल) आधी शून्य करून तपासायचं. सगळी रजिस्टर्स एकदम हवीत तर गेटरेग्स आहे. तोच कोड ६४-बिट आर्मवर नेलात की गेटरेग्स गायब. तिथे गेटरेगसेट, जी २०१० मध्ये कर्नल २.६.३४ बरोबर आली. स्पार्कवर गेटरेग्स आहे, पण ॲड्रेस आणि डेटा या दोन आर्ग्युमेंट्सची अदलाबदल झालेली! मॅकओएसवर पीट्रेस नावाला आहे, रजिस्टर्स त्यातून मिळतच नाहीत. माख या तिथल्या कर्नलच्या गाभ्याकडून टास्क पोर्ट (प्रोसेसवर ताबा देणारा हक्क) मिळवून थ्रेड-गेट-स्टेट बोलवावं लागतं.

यापेक्षा चांगलं काही सुचलं नव्हतं असं नाही. पीट्रेस युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतलं, १९७५ चं. टॉम किलियन यांनी आठव्या आवृत्तीतल्या /प्रॉकवरचा (प्रोसेसेस फाइल्स म्हणून दाखवणाऱ्या डिरेक्टरीवरचा) निबंध १९८४ मध्ये मांडला, त्यात प्रोसेसची मेमरी फाइल म्हणून उघडता येत होती. प्लॅन ९ या बेल लॅब्जच्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर प्रत्येक प्रोसेसच्या डिरेक्टरीत 'रेग्स' आणि 'एफपीरेग्स' अशा फाइल्सच ठेवल्या. उघडा, वाचा, लिहा. परवानगी फाइलच्या मोडवर ठरते, आणि नेटवर्कवरून डिरेक्टरी माउंट केली की दूरचं डीबगिंग आयतं मिळतं.

लिनक्समध्ये /प्रॉक/पीआयडी/मेम २.६.३९ पासून लिहिताही येते. मेमरीला फाइल आणि रजिस्टर्सना सिस्टिम कॉल, हा दुजाभाव का? माझं म्हणणं सरळ आहे: रजिस्टर्सची फाइल हवी.

गंजका_पाना

असहमत. पूर्ण असहमत.

मेमरीला मुळातच पत्ते असतात, त्यामुळे फाइलचा ऑफसेट तिथे चपखल बसतो. रजिस्टर्सना पत्ता नसतो. प्लॅन ९ च्या रेग्स फाइलमध्ये काय मिळतं? त्या प्रोसेसरच्या रजिस्टर्सचं यूरेग हे स्ट्रक्चर, जसंच्या तसं. कुठल्या बाइटवर प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) आहे हे डीबगरला आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणजे तुमची खरी डोकेदुखी, प्रत्येक आर्किटेक्चरची वेगळी मांडणी, तिथेही तशीच आहे. बदललं काय, तर दार.

गेटरेगसेटला तुम्ही तक्रारींच्या यादीत टाकलंत याचं नवल वाटलं. ती तर त्या यादीवरचा उतारा आहे. आधी व्हेक्टर किंवा फ्लोटिंग पॉइंट गणिताचं नवं हार्डवेअर आलं की नवी विनंती यायची. ३२-बिट एक्स८६ वर एसएसईसाठी गेटएफपीएक्सरेग्स, पॉवरपीसीवर आल्टिव्हेकसाठी गेटव्हीआररेग्स, आर्मवर व्हीएफपीची वेगळीच. आता एकच विनंती, सोबत रजिस्टरगटाचा प्रकार आणि एक आयओव्हेक (बफरचा पत्ता आणि लांबी). आणि प्रकारांचे आकडे तेच, जे कोअर डंपच्या (कोसळलेल्या प्रोसेसच्या जतन केलेल्या ठशाच्या) नोट्समध्ये असतात. एनटी-पीआरस्टेटस (सर्वसाधारण रजिस्टर्सचा प्रकार) म्हटलं की जिवंत प्रोसेसकडूनही रजिस्टर्सची तीच मांडणी येते आणि मेलेल्या प्रोसेसच्या कोअर फाइलमधूनही. डीबगरला एकच डीकोडर पुरतो. तुमच्या रेग्स फाइलला हे वेगळं जमवावं लागेल.

नवशिका_३२

मध्येच एक बाळबोध प्रश्न. डीबगर चालू असतो तेव्हा प्रोसेसरमध्ये डीबगरचीच रजिस्टर्स असणार ना? मग दुसऱ्या प्रोसेसची वाचतो कुठून?

खोलपाणी

बाळबोध नाही हो, सगळा वाद याच प्रश्नावर उभा आहे.

डीबगर प्रोसेसरला हातही लावत नाही. कुठलाही थ्रेड कर्नलमध्ये शिरतो, सिस्टिम कॉलने, इंटरप्टने किंवा ट्रॅपने, तेव्हा त्याची सर्वसाधारण रजिस्टर्स त्याच थ्रेडच्या कर्नल स्टॅकवर जतन होतात. लिनक्समध्ये त्या स्ट्रक्चरचं नाव पीटी-रेग्स. पीट्रेस ही जतन केलेली प्रत वाचून देतं. लिहिलंत तरी बदल त्या प्रतीतच होतो. थ्रेड पुन्हा यूझर मोडमध्ये परतताना ती प्रत प्रोसेसरमध्ये भरली जाते आणि तेव्हा कुठे तुमचं लिहिणं 'खरं' होतं. फ्लोटिंग पॉइंट आणि व्हेक्टर रजिस्टर्स वेगळ्या जागी, एक्ससेव्हच्या (ती जतन करणाऱ्या सूचनेच्या) साठ्यात असतात. नुसत्या एसएसईपर्यंत तो साठा ५१२ बाइट्सचा होता, एव्हीएक्सची रुंद व्हेक्टर्स धरून ८३२ झाला, आणि एएमएक्सच्या (मॅट्रिक्स गणिताच्या) टाइल्स एकट्याच ८ किलोबाइट खातात.

म्हणून तर थ्रेड थांबलेला असल्याशिवाय कर्नल दाद देत नाही, ईएसआरसीएच ('अशी प्रोसेस नाही') ही चूक तोंडावर मारतो. पळत्या थ्रेडची प्रत शिळी असते. फाइल उघडली की आत नेहमी काहीतरी असणारच, अशी आपली समजूत असते. इथे ती लागू पडत नाही.

अर्धविराम

@खोलपाणी, उत्तम लिहिलंत. पण तुमचा शेवटचा मुद्दा लिनक्सनेच खोडला आहे. /प्रॉक/पीआयडी/सिस्कॉल वाचून बघा. थ्रेड सिस्टिम कॉलमध्ये अडकून बसला असेल तर सिस्टिम कॉलचा क्रमांक, सहा आर्ग्युमेंट्स, स्टॅक पॉइंटर आणि प्रोग्रॅम काउंटर मिळतो. पळत असेल तर सरळ 'रनिंग' एवढंच लिहून येतं. पीट्रेसची हाक नाही, थांबवाथांबवी नाही, परवानगीची तपासणी मात्र पीट्रेसच्याच धर्तीची. फाइलला 'आत्ता नाही' म्हणता येतं, हे सिद्ध झालं की!

@गंजका_पाना, सेटरेगसेट (गेटरेगसेटचं लिहिणारं भावंड) एवढं लाडकं असेल तर मला फक्त प्रोग्रॅम काउंटर बदलून दाखवा. तिथे ऑफसेट देता येत नाही, नेहमी गटाच्या सुरुवातीपासून लिहायचं. म्हणजे सगळा गट वाचा, एक खाना बदला, परत लिहा. फाइल असती तर पीराइटने (दिलेल्या ऑफसेटवर लिहिणाऱ्या हाकेने) आठ बाइट्स आणि काम संपलं.

गंजका_पाना

ऑफसेटचा मुद्दा मान्य. पण एक्स८६ वर पोकयूझर (पीकयूझरचं लिहिणारं भावंड) नेमकं तेच करतं, ज्याला तुम्ही वर नाकं मुरडलीत. :)

आणि 'आठ बाइट्स आणि काम संपलं' हे लिहिण्याच्या बाबतीत जरा घाईचं आहे. एक्स८६ वर ब्रेकपॉइंट म्हणजे एका बाइटची इंट-३ सूचना. ट्रॅप लागतो तेव्हा आरआयपी (एक्स८६-६४ चा प्रोग्रॅम काउंटर) त्या बाइटच्या पुढे गेलेला असतो, तो एकाने मागे घ्यावा लागतो. ६४-बिट आर्मवर बीआरके ही ब्रेकपॉइंटची सूचना मात्र काउंटर पुढे ढकलत नाही. बरं, थ्रेड सिस्टिम कॉलमध्ये अडकलेला असताना तुम्ही आरआयपी बदललात, तर कर्नल तो कॉल पुन्हा सुरू करायच्या नादात तुमच्या नव्या आरआयपीतून दोन वजा करू शकतो, कारण सिस्कॉल सूचना दोन बाइट्सची. म्हणून जीडीबी हा डीबगर आरआयपी लिहिताना ओरिग-आरएएक्समध्ये (सिस्टिम कॉलचा मूळ क्रमांक जपणाऱ्या खान्यात) उणे एक टाकतो. आता सांगा, हे ओरिग-आरएएक्स प्रोसेसरमध्ये आहे का? नाही! ते कर्नलच्या वहीतलं खातं आहे. रजिस्टर लिहिणं म्हणजे कर्नलशी केलेला व्यवहार आहे. सेगमेंट सिलेक्टर भलताच दिलात तर तो नकार देतो, फ्लॅग्जमधले ठरावीकच बिट्स बदलू देतो. बाइट्सची फाइल म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

दोन_नंबरचा_थ्रेड

एका प्रोसेसला एकच ट्रेसर, हा पीट्रेसचा नियम लोकांना जाचतो (सिस्टिम कॉल दाखवणारा एस-ट्रेस आणि जीडीबी एकत्र लावून बघितलेले सगळे हात वर करतील). पण फाइल दोघांनी लिहायला उघडली तर? दोन डीबगर एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम काउंटर ओढत बसतील.

जुनं_सूर्यफूल

वरच्या शंकेचं उत्तर सोलारिसने (सनच्या युनिक्सने) देऊन ठेवलंय. लिहिण्यासाठी उघडताना ओ-एक्सक्लचा झेंडा लावला की दुसऱ्या डीबगरला दार बंद.

तुम्ही दोघं उगाच दोन टोकं धरून बसला आहात. सोलारिस २.६ पासूनची रचना बघा. प्रत्येक थ्रेडच्या डिरेक्टरीत एलडब्ल्यूपीस्टेटस ही फाइल. एकदा वाचली की थ्रेड का थांबला, कुठला सिग्नल आला आणि सगळी सर्वसाधारण रजिस्टर्स, एका झटक्यात. लिनक्सवर याच माहितीसाठी आधी वेटपीआयडी, मग गेटसिगइन्फो, मग गेटरेगसेट. आणि सोलारिसमध्ये रजिस्टर लिहायचं ते स्टेटस फाइलमध्ये नव्हे. कंट्रोल फाइलमध्ये पीसीएसरेग असा संदेश टाकायचा, सोबत नवी रजिस्टर्स. एकाच राइटमध्ये 'रजिस्टर्स बदल, सिग्नल पूस, चालू कर' असे तीन संदेश माळेसारखे देता येतात. वाचायला फाइल, बदलायला हुकूम. गंजका_पाना म्हणतात तो व्यवहार इथे उघड दिसतो आणि अर्धविरामांना फाइलही मिळते. पीट्रेस तिथे सी लायब्ररीत आहे, याच /प्रॉकवर रचलेलं. उलटं करता येत नाही, यातच काय ते आलं.

अर्धविराम

हे मला पटतं. रेग्स फाइल लिहिण्यायोग्य हवी हा हट्ट सोडतो, वाचण्याचा सोडत नाही.

खोलपाणी

वाचण्याच्या बाजूलाही एक खाच आहे. ६४-बिट डीबगर ३२-बिट प्रोसेसला जोडला तर गेटरेग्स डीबगरच्या सोयीचे २१६ बाइट्स देते, तर गेटरेगसेट प्रोसेसच्या खऱ्या रूपाचे ६८. आयओव्हेकची लांबी बदलून परत येते, त्यावरून कळतं. आर्मच्या एसव्हीई या व्हेक्टर विस्तारात तर व्हेक्टरची रुंदी १२८ ते २०४८ बिट्स, १२८ च्या पटीत कितीही असू शकते आणि चालत्या प्रोग्रॅमला ती बदलताही येते. म्हणून त्या गटाच्या डोक्यावर एक हेडर असतो, त्यात सध्याची रुंदी. फाइल केलीत तरी हा हेडर लागेलच. मग दोन वाचनांच्या मध्ये रुंदी बदलली तर अर्धी जुनी, अर्धी नवी रजिस्टर्स हातात येऊ नयेत, याची हमी कोण देणार? थ्रेड थांबलेला असण्याची अट आली, म्हणजे थांबवणारा आला.

जुनं_सूर्यफूल

थांबवणारा हवाच, पण तो वाचणाराच असावा असं कुठे आहे? पीट्रेसमध्ये तर ज्या थ्रेडने जोडणी केली, विनंत्याही त्याच थ्रेडकडून याव्या लागतात. डीबगरमधलाच दुसरा थ्रेड वाचू शकत नाही. कंट्रोल फाइल ज्याच्याकडे आहे त्याने थांबवावं, स्टेटस ज्याला दिसतं त्याने वाचावं.

नवशिका_३२

मग मी माझ्या डीबगरमध्ये सध्या काय वापरू?

गंजका_पाना

लिनक्सवर गेटरेगसेट, डोळे झाकून. फक्त सिस्टिम कॉल बघायचे असतील तर कर्नल ५.३ पासून गेट-सिस्कॉल-इन्फो आहे. क्रमांक, आर्ग्युमेंट्स, दोन्ही पॉइंटर्स, आणि मांडणी सगळ्या आर्किटेक्चरवर सारखीच. हार्डवेअर वॉचपॉइंट (ठरावीक पत्त्याला हात लागला की थांबवणारे) मात्र एक्स८६ वर अजूनही पोकयूझरनेच लावायचे. डीआर-० ते डीआर-३ या डीबग रजिस्टर्समध्ये पत्ते, डीआर-७ मध्ये चालू-बंदचे बिट्स. पत्ता आधी लिहा, डीआर-७ नंतर.