ग्रीनलंडी वल्हे नर्मदेत चालते, की नुसते मिरवायचे?

नर्मदातीर, इंदूर
महेश्वरच्या घाटावर मी कयाकचे (म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीचे), जेमतेम चार बोटे रुंद पात्याचे ग्रीनलंडी वल्हे घेऊन उतरलो, तेव्हा कपडे धुणाऱ्या एका मावशींनी "एवढे लांब धोपटणे कशाला?" अशी चौकशी केली आणि आमच्या गटातील रुंद पात्यांच्या भक्तांना आयतेच तोंड मिळाले. चेष्टेचे सोडा, पण जोर लावताच पाते पाण्यात थरथरते, ते का?

संथवाही
पाते आपण सरळ उभे धरत असाल. तसे धरले की पाणी दोन्ही कडांवरून आळीपाळीने निसटते आणि पाते फडफडू लागते. वरची कड होडीच्या नाकाकडे किंचित झुकवा, हात खाली ठेवा आणि खांद्यांऐवजी कंबरेतून वळा, म्हणजे तेच पाते तिरपे खाली सरकत पाणी पकडून ठेवील. लांबीही तपासावी: जुने माप एक वाव (पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी) आणि वर एक हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत) असे आहे, म्हणजे वल्हे ज्याचे त्याच्या अंगाचे असते.

रुंदपाते
हे सारे संथ पाण्यात ठीक आहे. महेश्वरजवळच्या ज्या सहस्रधारेवर 2023 मध्ये खेलो इंडियाची स्लालम स्पर्धा (खळाळातून टांगलेल्या खांबांमधून होडी वळवत नेण्याची शर्यत) झाली, तेथील खडकांमधल्या उथळ, खळाळत्या पाण्यात आपले लांब पाते बुडणार कोठे? तेथे एका फटक्यात होडी वळवावी लागते आणि त्यासाठी आखूड दांडीचे रुंद पातेच हवे. संस्कृतिरक्षण नंतर करता येईल.

संथवाही
मान्य; पण ग्रीनलंडी वल्हे समुद्रावर दिवसभर शिकार करणाऱ्यांसाठी घडले, खळाळासाठी नव्हे. वादळासाठीचे आखूड ग्रीनलंडी वल्हे तर प्रत्येक फटक्याला हातांतून सरकवत नेतात, म्हणजे आखूड असूनही पाण्यातली बाजू लांबच मिळते.

शुद्धतावादी
खरे वल्हे वाहून आलेल्या लाकडाचेच! ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर असे लाकूड सैबेरियाच्या नद्यांतून, बर्फाबरोबर वाहत येते. वखारीतल्या फळीला ती सर कोठून येणार?

रुंदपाते
मग आपण सैबेरियाच्या ओंडक्याची वाट पाहत बसा.

संथवाही
वखारीतला देवदार चालेल. सागवान मात्र घेऊ नका, मनगटे भरून येतील. आणि शुद्धताच हवी असेल, तर उलटलेली कयाक सरळ करण्याच्या ग्रीनलंडच्या स्पर्धांत एक प्रकार हातात जड दगड धरून करायचा असतो.

नर्मदातीर
कोन बदलून पाहतो. दगडाचे मात्र शुद्धतावादींनीच आधी करून दाखवावे. फक्त नर्मदेतून उचललेला दगड बाणलिंग, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजला जाणारा गोटा, नाही ना, एवढे पाहून घ्यावे.