गूगलवरील वाईट अभिप्रायाला उत्तर द्यावे की गप्प राहावे? (चिवड्याचे दुकान, नाशिक)

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. रविवार कारंजाजवळ आमचे कांदा-लसूण चिवड्याचे लहान दुकान आहे. वडिलांनी ते तीसेक वर्षांपूर्वी सुरू केले आणि गेली सहा वर्षे मी त्यांच्यासोबत पाहते आहे. आतापर्यंत आमचे नाव एकाने दुसऱ्याला सांगूनच पसरले. मात्र रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला आलेले भाविक आता दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाईलवर तारे मोजतात, आणि सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असल्याने अशा ग्राहकांची संख्या वाढणार आहे.

मागच्या पंधरवड्यात पुण्याच्या एका ग्राहकाने गूगल मॅप्सवर एक तारा देऊन लिहिले की, पाव किलोच्या पाकिटातील चिवडा खवट होता आणि पाकिटावर छापलेल्या क्रमांकावर तीन वेळा फोन करूनही कोणी उचलला नाही. सोबत पाकिटाचे छायाचित्र होते. ते कोणीतरी एका फेसबुक समूहात टाकले आणि त्याखाली, आमच्या दुकानात कधी आलेही नसतील अशा लोकांनी, आम्ही जुना माल खपवतो असा निकाल देऊन टाकला. वडिलांना दोन रात्री झोप लागली नाही. ते म्हणतात, बोलल्याने वाढते, गप्प बसावे. भावाच्या मते पोलिसांत तक्रार द्यावी. त्यातच एका जाहिरात संस्थेने पैसे घेऊन पन्नास चांगले अभिप्राय टाकून देण्याची तयारी दाखवली आहे. यांतले काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पंचवटीकर

ताई, माझा साड्यांचा व्यवसाय आहे आणि अशा प्रसंगातून मी दोनदा गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी त्या जाहिरात संस्थेला नकार कळवा. पैसे, सवलत किंवा भेटवस्तू देऊन मिळवलेले अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहीत. ते उघडकीस आल्यास गूगल असे अभिप्राय काढते, काही काळ नवे अभिप्राय घेणे थांबवते आणि दुकानाच्या पानावर तशी सूचनाही लावू शकते. एका खवट पाकिटाचा डाग पुसता येतो, पण दुकानाच्या नावाखाली लागलेली ती सूचना तुमचे तीस वर्षांचे गिऱ्हाईकसुद्धा वाचेल.

वडिलांचे म्हणणे मला समजते, कारण आपल्या बाजारात गप्प बसणे हा शहाणपणा मानला गेला आहे. तथापि समोरासमोरच्या भांडणात ऐकणारे चार जण असतात आणि ते पांगतात. येथे तक्रार तशीच लिहिलेली राहते व सहा महिन्यांनी नवा माणूस ती वाचतो. तुमचे उत्तर खरे तर त्या नव्या माणसासाठी असते. म्हणून ते चार-पाच वाक्यांचे असावे, त्यात चूक असल्यास ती स्पष्ट मान्य करावी, आपण काय तपासले व काय बदलले ते सांगावे आणि पुढील बोलण्यासाठी चालू असलेला क्रमांक द्यावा. ‘आमचा माल असा असूच शकत नाही’ हे वाक्य कृपया लिहू नका. मी पहिल्या वेळी तेच लिहिले होते आणि त्यानंतर आणखी दोन ग्राहकांनी आपापल्या तक्रारी खाली जोडल्या. फेसबुकवर मात्र प्रत्येकाशी वाद न घालता तेच उत्तर एकदा टाकावे आणि थांबावे.

ग्राहकाच्या लिहिण्यात खवट चिवड्याइतकाच राग न उचललेल्या फोनचा आहे, असे मला वाटते. पहिल्या फोनला कोणी ‘हो, बोला’ म्हटले असते, तर बहुधा हा अभिप्राय लिहिलाच गेला नसता. तो क्रमांक कोणाकडे असतो, हे आधी शोधा.

वकील, गंगापूर रोड

पोलिसांत जाण्याच्या विचाराबद्दल लिहिते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे, परंतु तो अदखलपात्र असल्याने पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करत नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. शिवाय लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट या कलमाच्या पहिल्याच अपवादात येते. छायाचित्रासह तक्रार करणाऱ्या ग्राहकावर खटला भरणे हे माझ्या मते चुकीचे आहे आणि मी तो सल्ला कोणालाही देणार नाही. एखादा अभिप्राय प्रतिस्पर्ध्याने किंवा दुकानात न आलेल्या माणसाने लिहिल्याचा पुरावा असेल, तर गूगलकडे नियमभंगाची तक्रार करता येते; केवळ वाईट आहे म्हणून अभिप्राय काढला जात नाही.

विकत घेतलेल्या स्तुतीबद्दल एक गोष्ट जोडते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, त्याचा रोखच अशा बनावट मजकुराविरुद्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बनावट ग्राहकाच्या तोंडून स्वतःच्या मालाचे कौतुक करून घेणे हे त्या व्याख्येच्या फार जवळ जाते.

सातपूरचा अन्नतंत्रज्ञ

माल खरोखर खवट होता का, हे तपासल्याशिवाय उत्तर लिहू नये. चिवड्यात खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे लवकर खवट होतात. पारदर्शक पाकीट उन्हात टांगलेले असेल तर अधिकच. पाकिटावरील उत्पादनाची तारीख पाहून तो घाणा कोणत्या दिवशीचा होता ते काढा. तळणाचे तेलही पाहा, कारण एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल अन्नसुरक्षा नियमांनुसार वापरता येत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांत जे झाले ते लिहिते.

छायाचित्रातील तारखेवरून तो घाणा सापडला. त्या दिवशीची वीसेक पाकिटे दुकानाच्या दर्शनी बाजूला, दुपारचे ऊन येते तेथे, टांगलेली होती. उरलेली सहा फोडून पाहिली आणि त्यांतील दोन खरोखर खवट निघाली. ते पाकीट स्वतः हातात घेऊन वास घेतल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच उत्तर लिही म्हणून सांगितले. छापलेला क्रमांक भावाच्या जुन्या मोबाईलचा होता आणि तो घरी कपाटात पडून होता.

गूगलवर मी असे लिहिले: ‘आपली तक्रार खरी आहे. त्या दिवशीची पाकिटे उन्हात राहिल्याने चिवडा खवट झाला होता. शिल्लक माल आम्ही काढून टाकला आहे. आपण तीन वेळा फोन केला आणि आम्ही तो उचलला नाही, याबद्दल क्षमा मागतो. हा फोन आता गल्ल्यावर असतो. आपले पैसे परत करायचे आहेत, कृपया एकदा संपर्क साधावा.’

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि तो वडिलांनी उचलला. पैसे पाठवले. त्यांनी आपला एक तारा बदललेला नाही, आणि तो बदलावा असे आम्ही त्यांना म्हटलेलेही नाही. पाकिटे आता आतल्या फळीवर ठेवतो. अपारदर्शक पाकिटांचा भाव अंबडच्या एका कारखान्याकडून मागवला आहे. आम्हाला थोडीच लागत असल्याने दर जास्त पडतो, तेव्हा कमी संख्येने पाकिटे छापून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया येथे कळवावे.